वगळण्याचं कारण

सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं. वॉर्डातले रुग्ण म्हणायचे, रुग्णांचे नातेवाईक म्हणायचे, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणायचा. एकदा तर बसच्या कंडक्टरने ऐन भांडणात ‘सिस्टर, आवाज खाली’ असं म्हटलं होतं. ज्या एकाच माणसाची त्या खरीखुरी बहीण होत्या, तो मात्र त्यांना ‘नर्सबाई’ म्हणायचा. ‘नर्सबाई, चहा टाका. नर्सबाई, माझा चष्मा बघितलात का? नर्सबाई, जरा नाडी बघा, जिवंत आहे ना मी?’ तो माणूस, म्हणजे सिस्टरांचा दादा, चार वर्षांपूर्वी गेला. घरात आता दोघीच. सिस्टर आणि दादाची बायको, म्हणजे वहिनी.

लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर सिस्टर सांगायच्या, “ड्यूटी लागली होती.” तीस वर्षं ती लागलेलीच होती. त्या तीस वर्षांत गुडघ्यांना वाचा फुटली. जिना चढताना डावा बोलायचा, उतरताना उजवा, आणि सपाट जमिनीवर दोघं मिळून. तशात नर्सिंग कॉलेजात शिकवायची एक जागा रिकामी होणार अशी बातमी आली. खुर्चीत बसून बोलायचं काम. सिस्टरांना बोलायचं वावडं कधीच नव्हतं, प्रश्न फक्त खुर्चीचा होता. अट एकच होती. वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण व्हायच्या आत पदव्युत्तर पदवी हातात हवी. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. सिस्टरांनी बोटं मोजली. दोन वर्षं आणि वर सहा आठवडे शिल्लक राहत होते. त्यांनी त्याच दिवशी अर्ज भरला.

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा सगळी मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं बाई आल्या. सिस्टर म्हणाल्या, “बसा, बसा,” आणि पहिल्या बाकावरचा एकजण मलूल दिसला म्हणून जाता जाता त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बाक कोणा वीस वर्षांच्या माणसाच्या मापाने केलेला होता. दोन्ही गुडघे एकदम बोलले.

शिकवायला होते पुरावा सर. खरं नाव वेगळं असणार, पण ते पगारपत्रकाच्या बाहेर कोणी वापरत नसे. सरांना घरीदारी प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागायचा. भाजीत मीठ कमी पडलंय असं बायको म्हणाली तर सर विचारायचे, “किती जणांनी चाखली?” त्यांच्या शर्टाला खिसे दोन, दोन्हीत पेन, आणि दोन्ही खिशांच्या तळाशी शाईचे डाग. त्यातला कुठला पेन गळतो याचा पुरावा मात्र त्यांना आयुष्यभर मिळाला नव्हता.

“एखादी गोळी चांगली की वाईट हे ठरवायचं कसं?” सर फळ्याकडे पाठ करून म्हणाले. “एका डॉक्टरचं मत नको. एका रुग्णाचा अनुभव तर मुळीच नको. जगात त्या गोळीच्या जेवढ्या चाचण्या झाल्या, तेवढ्या सगळ्या शोधायच्या. आपल्याला आवडतील तेवढ्याच नाही, सगळ्या. कुठल्या घ्यायच्या आणि कुठल्या वगळायच्या याचे नियम आधी लिहून ठेवायचे. नंतर पंगतीत बसल्यावर ताट बदलायचं नाही. मग दोघांनी वेगवेगळं बसायचं, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, आणि एकेक निबंध तपासायचा. पटलं नाही तर समोरासमोर बसायचं. तरी पटलं नाही तर तिसऱ्याने निवाडा करायचा. शेवटी जे उरतील त्यांचे आकडे एकत्र करायचे. पहिल्या भागाला पद्धतशीर आढावा म्हणतात, शेवटच्या बेरजेला मेटा-ॲनालिसिस. आणि बेरीज सगळ्यात सोपी असते, म्हणून सगळे तिथेच चुकतात.”

“आमच्याकडे जोखमीचं इंजेक्शन असंच दोघी तपासतात,” सिस्टर मागून म्हणाल्या. “एक वाचते, एक बघते.”

“आणि दोघींनी मिळून चूक केली तर?”

“मग खाट रिकामी होते, सर.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य वहीत उतरून घेतलं आणि पेन खिशात ठेवला. गळकाच असावा.

प्रबंधाचा विषय सरांनीच दिला. थकलेल्या हृदयासाठी एक नवी गोळी आली होती. इस्पितळाच्या औषध समितीला ती यादीत घ्यायची होती, पण त्याआधी सगळ्या चाचण्यांचा निष्कर्ष काय ते कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. हे काम सिस्टरांकडे आलं, आणि दुसऱ्या तपासनीस म्हणून त्यांच्या जोडीला दिली भिंग.

भिंग म्हणजे संख्याशास्त्र शिकून आलेली चोवीस वर्षांची मुलगी. चष्मा जाड म्हणून ते नाव पडलं असं काहीजण म्हणत, पण ते अर्धसत्य होतं. कॅन्टीनच्या दरपत्रकातली बेरजेची चूक तिने दाखवून दिली होती, विद्यापीठाच्या नियमावलीतली दाखवून दिली होती, आणि स्वतःच्या आजीच्या वयातही दोन वर्षांचा घोळ काढला होता. आजी त्यानंतर तिच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

शोध घेतल्यावर चार हजार तीनशे बारा निबंध सापडले. त्यातले हजारभर दुबार निघाले. तोच निबंध वेगळा मथळा लावून, लेखकांची नावं पुढेमागे करून पुन्हा छापलेला. बाकीच्यांचे मथळे आणि सारांश वाचून चाळायचे होते. वॉर्डातली ड्यूटी संपवून सिस्टर घरी येत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडत आणि वहिनी समोर बसून भाजी निवडत. दोघींचं काम एकाच जातीचं होतं.

“काय वन्सं, आज किती टाकून दिले?”

“दोनशे दहा.”

“आणि ठेवले?”

“चार.”

“बरं झालं बाई, तुमच्याकडे स्थळं घेऊन कोणी आलं नाही.”

“आली होती ना, वहिनी. तेव्हासुद्धा चाळणी हीच होती.”

वहिनी हसल्या की दादाच्या जागेकडे बघून हसायच्या. टेबलाच्या त्या बाजूला फळी होती आणि फळीवर दादाचा फोन. वहिनी तो रोज चार्जिंगला लावत, दर महिन्याला त्यात रिचार्ज भरत. “कोणाला माहीत नसेल आणि फोन आला तर?” असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांत आले ते फक्त कर्ज देणाऱ्यांचे. मेलेल्या माणसालाही सवलतीत कर्ज मिळतं, हे वहिनींना तेव्हा कळलं.

मथळ्यांच्या चाळणीतून एकशे एक्केचाळीस निबंध खाली उतरले. हे आता पूर्ण वाचायचे होते. सत्त्याण्णवावा निबंध सिस्टरांनी एका रविवारी सकाळी उघडला आणि दुसऱ्या पानावर त्यांचा चहा निवला.

शहराच्या दुसऱ्या टोकाचं मोठं इस्पितळ. सहाशे चाळीस रुग्ण, निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. कोणाला कुठली हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. गोळ्या पांढऱ्या खोक्यात, खोक्यावर फक्त क्रमांक. आणि तारखा. तारखा सिस्टरांना पाठ होत्या.

ते पांढरं खोकं त्याच टेबलावर असायचं. संमतीपत्रावर सही करताना दादा म्हणाला होता, “नर्सबाई, एवढं बारीक लिहिलंय, ह्यात माझी किडनी तर नाही ना मागितली?” आणि सिस्टर म्हणाल्या होत्या, “कर सही. मी आहे ना.” तिसऱ्या महिन्यात दादाला चक्कर यायला लागली. एकदा मोरीत पडला, एकदा जिन्यात. “मला ही गोळी मानवत नाही,” तो म्हणायचा. वहिनी म्हणायच्या, बंद करा. सिस्टर म्हणाल्या, “सुरुवातीला होतं असं. अर्धवट सोडायचं नसतं, दादा. त्यांची सगळी मोजदाद बिघडते.” पाचव्या महिन्यात तो तिसऱ्यांदा पडला. ते पडणं घरातच झालं, दुपारच्या वेळी, आणि मग त्याला उठवायची गरज राहिली नाही.

पुढच्या तपासणीच्या दिवशी चाचणीच्या ऑफिसातून दादाच्या फोनवर फोन आला. “आज आले नाहीत, म्हणून विचारत होतो.” सिस्टरांनी कट केला. चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दादाचं नाव एका परक्या, उत्साही आवाजात ऐकून त्यांचं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, “राँग नंबर. पुन्हा करू नका.” पुन्हा कोणी केला नाही. वहिनी तेव्हा आतल्या खोलीत भेटायला आलेल्यांसमोर बसलेल्या होत्या.

निबंधाच्या शेवटच्या पानावर चाचणीत सहभागी झालेले रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांचे मनःपूर्वक आभार मानलेले होते. म्हणजे सिस्टरांचेही.

निबंध वगळायचा झाला तर संगणकावर कारण निवडावं लागे. यादीत कारणं सहा होती. रुग्ण वेगळे. औषध वेगळं. तुलनेचा गट नाही. निष्कर्ष नोंदलेला नाही. दुबार. मूळ निबंध मिळाला नाही. सिस्टरांनी ती यादी तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांचं कारण तिच्यात नव्हतं. शेवटी त्यांनी पहिल्यावर बोट ठेवलं. रुग्ण वेगळे.

मंगळवारी वाचनालयात भिंग त्यांची वाटच बघत होती. जिथे दोघींचं पटलं नव्हतं अशा निबंधांची यादी तिच्या हातात होती.

“सिस्टर, सत्त्याण्णव.”

“त्याचं काय?”

“तुम्ही लिहिलंय रुग्ण वेगळे. वेगळे कसे? सगळ्यांची हृदयं थकलेलीच आहेत. वय बसतंय, आजार बसतोय, औषध बसतंय. आख्ख्या ढिगातली ही सगळ्यात मोठी चाचणी आहे.”

“नजरचूक झाली असेल.”

“तुमची?” भिंगाने चष्मा काढून पुसला. “तुमच्या तीन हजार निबंधांत मला आतापर्यंत एक नजरचूक सापडली नाही. मी शोधत होते.”

“तू माझ्यात चुका शोधत होतीस?”

“मग जोडीला दोघं कशाला असतात?”

सिस्टर म्हणाल्या, “घे. घे तो आत. माझी हरकत नाही.” आणि भिंगाने बरोबरची खूण केली. एवढंच झालं. तिसऱ्याकडे जायची वेळच आली नाही.

शेवटी नऊ चाचण्या उरल्या. त्यांतले आकडे दोघींनी वेगवेगळे काढून ताडून बघितले आणि भिंगाने त्यांचं चित्र काढलं. या चित्राला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात, म्हणजे जंगल, पण पानाफुलाचा पत्ता नाही. मध्ये एक उभी रेघ. प्रत्येक चाचणीचा एक चौकोन, त्याला दोन्हीकडे मिशा. रेघेच्या डावीकडे चौकोन पडला तर नवी गोळी बरी, उजवीकडे पडला तर जुनी. तळाशी सगळ्यांची मिळून एक आकृती, पत्त्यातल्या चौकट एक्क्यासारखी. तो एक्का रेघेला कुठेही न शिवता डावीकडे स्वच्छ बसला होता. आठ छोट्या चाचण्या इकडेतिकडे भरकटलेल्या होत्या. एक्क्याला डावीकडे ओढून धरलं होतं ते एकट्या सत्त्याण्णवाने. नव्या गोळीवर मृत्यू चोवीस, जुन्या गोळीवर एक्केचाळीस.

सर खूश झाले. सर खूश झाले की एकच शब्द बोलत. “स्वच्छ,” ते म्हणाले. औषध समितीची बैठक पुढच्या महिन्यात होती. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. सिस्टरांच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला नऊ.

आकडे काढताना सिस्टरांना आणखी एक गोष्ट दिसली होती. निबंधातल्या एका आकृतीखाली, मुंगीच्या टाइपात, लिहिलेलं होतं की तेवीस रुग्णांशी शेवटपर्यंत संपर्क होऊ शकला नाही. नव्या गोळीच्या गटातले एकोणीस, जुन्या गोळीच्या गटातले चार. हे तेवीस मेलेल्यांत नव्हते आणि जगलेल्यांतही धड नव्हते. त्यांना हिशेबातून काढलेलं होतं. फॉर्मवर त्याच्यासाठी एक रकाना असतो, रुग्ण गळाल्यामुळे निष्कर्षात खोट येण्याचा धोका किती. भिंगाने ‘कमी’ लिहिलं होतं, कारण सहाशे चाळीसांत तेवीस म्हणजे शेकडा चारसुद्धा नाहीत. सिस्टरांनीही ‘कमी’ लिहिलं होतं. या एका रकान्यावर दोघींचं ताबडतोब पटलं होतं.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर एक छापील वाक्य असतं. या विषयात माझा कोणताही व्यक्तिगत संबंध गुंतलेला नाही. खाली सही. सिस्टरांनी तीस वर्षांत औषधांच्या नोंदवहीत लाखभर सह्या केल्या असतील, पेन कधी अडला नव्हता. तो इथे अडला. गोळी यादीत आली की ती त्यांच्याच वॉर्डात येणार होती. सकाळी आठला ट्रॉली ढकलत त्याच ती वाटणार होत्या. आणि कोणी म्हणालं, सिस्टर, मला ही मानवत नाही, तर काय सांगायचं तेही त्यांना पाठ होतं.

त्या सही न करता ते पान घेऊन सरांच्या खोलीत गेल्या. भिंग तिथेच बसलेली होती, तक्ते तपासत. सिस्टरांनी सगळं सांगितलं. खोकं, मोरी, जिना, दुपार. तीन फोन. राँग नंबर.

सरांच्या तोंडून सवयीने “पुरा…” एवढं निघालं. पुढचं अक्षर त्यांनी चहाबरोबर गिळलं.

बोलली ती भिंग. “म्हणजे तुम्ही खोटं कारण घातलंत. माझ्याशी खोटं बोललात. आणि मग ‘कमी’ लिहिलंत. माहीत असून.”

“हो.”

“मी तुमच्यावर विसंबून ‘कमी’च ठेवलं. मला वाटलं, एवढी वर्षं वॉर्डात काढलेली बाई, तिला कळतं.” तिचा आवाज चिरकला. आजीच्या वयातला घोळ काढणाऱ्या मुलीचा आवाज असा चिरकलेला कोणी ऐकला नव्हता.

सर उठून खिडकीशी गेले. “एका माणसाचा अनुभव आपण धरत नाही,” ते बाहेर बघत म्हणाले. “तुमचा भाऊ कुठल्या गटात होता हेसुद्धा तुम्हाला माहीत नाही. जुनी गोळी घेत असेल. त्यामुळे तुमच्या भावामुळे या तक्त्यातला एक आकडाही मी बदलू शकत नाही.” मग ते वळले. “पण एकोणीस आणि चार हे निबंधातच छापलंय. ते दिसायला भाऊ मरावा लागत नाही. ते मला दिसायला हवं होतं. मी चित्र बघितलं आणि स्वच्छ म्हणालो.”

त्या दिवशी सरांच्या खोलीत तीन माणसं होती आणि तिघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.

पुढचं सगळं नियमाने झालं, आणि नियम सावकाश चालतात. सिस्टरांना त्या निबंधापासून दूर केलं गेलं. त्यांच्या जागी दुसऱ्या विद्यार्थ्याने सगळे आकडे पुन्हा काढले. विद्यापीठाच्या समितीने त्यांना बोलावलं, ऐकून घेतलं, पदवी रद्द केली नाही, पण प्रबंध सहा महिने पुढे ढकलला. औषध समितीने विषय स्थगित ठेवला. सरांनी चाचणीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, ते निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना लिहिलं, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की जुने फोन नंबर काढून त्या तेवीस जणांचा पुन्हा शोध घेऊ.

सिस्टरांचा पंचावन्नावा वाढदिवस वॉर्डात गेला. नर्सिंग कॉलेजातली खुर्ची दुसऱ्या एका बाईंना मिळाली. त्यांचे गुडघे चांगले होते.

घरी सिस्टरांनी एवढंच सांगितलं होतं की कागदपत्रांत घोळ झाला. वहिनी म्हणाल्या, “तुमच्या कागदात घोळ? मग बाकीच्यांनी जगायचं कसं?” आणि बायकांच्या त्या जुन्या शहाणपणाने पुढे काही विचारलं नाही.

फोन आला तो एका गुरुवारी दुपारी. सिस्टरांची सुट्टी होती, त्या टेबलाशी गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. फळीवरचा दादाचा फोन वाजला. वहिनींनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी स्पीकरवर ठेवत.

“आम्हाला कर्ज नको,” त्या आधीच म्हणाल्या.

“नाही, कर्ज नाही.” मुलीचा आवाज होता, वाचून दाखवत असल्यासारखा. तिने इस्पितळाचं नाव सांगितलं, दादाचं नाव सांगितलं. “ते आमच्या चाचणीत होते. त्यांच्या तब्येतीची नोंद अपुरी राहिली आहे. आपण कोण?”

“मी त्यांची बायको. ते गेले. चार वर्षं झाली की.”

“सॉरी, काकू.” टकटक ऐकू आली, ती काहीतरी टाइप करत होती. “कधी गेले ते तारखेनिशी सांगता येईल?”

वहिनींनी तारीख सांगितली, वार सांगितला, वेळसुद्धा सांगितली. मग म्हणाल्या, “पण इतक्या दिवसांनी कसं काय विचारताय? तेव्हा का नाही विचारलंत?”

“तेव्हा केले होते फोन. तीन वेळा. इथे लिहिलंय बघा, तिसऱ्या वेळी राँग नंबर असल्याचं सांगण्यात आलं.”

“कोणी सांगितलं?”

“बाईंचा आवाज. एवढंच लिहिलंय.”

वहिनींनी मान वर केली. सिस्टरांच्या तळव्यावरचं तेल मनगटापर्यंत ओघळलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. “मी,” त्या म्हणाल्या.

फोनमधली मुलगी म्हणाली, “हॅलो? काकू, आहात ना?”

“आहे. पुढचं विचार.”

“शेवटच्या काही महिन्यांत चक्कर, तोल जाणं, पडणं असं काही झालं होतं?”

“तीनदा पडले.”

“आणि गोळ्या घेत होते? की मध्येच सोडल्या होत्या?”

“घेत होते,” वहिनी म्हणाल्या. नजर सिस्टरांवरून हलली नव्हती. “एक दिवस चुकला नाही. शेवटच्या सकाळीसुद्धा घेतली. आमच्या घरात नर्स आहे ना.”

मुलीने आभार मानले. वहिनींनी फोन फळीवर ठेवला, नीट, कडेला समांतर. मग निवडायला घेतलेली भाजी उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन निवडली. त्या टेबलावर नणंद-भावजयीत त्यानंतर कित्येक आठवडे मीठ आणि पाणी यांपलीकडे बोलणं झालं नाही.

तेवीसपैकी सोळाजणांचा पत्ता लागला. नव्या गोळीच्या गटातल्या तेरा घरांत फोन उचलला गेला, त्यांतल्या अकरा घरांनी मृत्यूची तारीख सांगितली. जुन्या गोळीच्या गटातली तीन घरं सापडली, त्यांत एक मृत्यू. चोवीसचे पस्तीस झाले, एक्केचाळीसचे बेचाळीस. भिंगाने चित्र पुन्हा काढलं. तळाचा चौकट एक्का उजवीकडे सरकला आणि त्याचं टोक रेघेच्या पलीकडे गेलं. त्याचा अर्थ, नक्की काही सांगता येत नाही. औषध समितीने गोळी यादीत घेतली नाही. भिंगाने पहिल्या पानावर दुसरी तपासनीस म्हणून सही केली आणि प्रबंध टेबलावरून सरकवत म्हणाली, “सिस्टर, आता तुम्ही माझ्या चुका शोधल्यात तरी चालेल.” तिच्याकडून हे बरंच होतं.

बांधलेला प्रबंध घरी आला त्या संध्याकाळी वहिनींनी तो आपणहून मागितला.

“दाखवा.”

सिस्टरांनी तक्त्याचं पान उघडून दिलं. वहिनींनी चष्मा लावला, पान लांब धरलं, जवळ धरलं.

“ह्यात ते कुठे आहेत?”

“ह्या दोन आकड्यांपैकी एकात.” सिस्टरांनी पस्तीसवर बोट ठेवलं आणि मग बेचाळीसवर. “ह्यात असतील नाहीतर ह्यात.”

“कितवे?”

“त्यात क्रम नसतो, वहिनी.”

वहिनी बराच वेळ दोन्ही आकडे बघत राहिल्या. नव्याने सापडलेले मृत्यू बारा, त्यांतले अकरा एका बाजूला. एवढं गणित सिस्टरांना दोन वर्षांत शिकवलेलं होतं, आणि ते न शिकता वहिनींनाही जमलं असावं.

“त्या मुलीला विचारलं तर कुठली गोळी होती ते सांगतील?”

“सांगतील. आता लपवायचं काही नसतं.” सिस्टरांनी फळीवरच्या फोनकडे बघितलं. “विचारू?”

वहिनींनी प्रबंध मिटला. त्यावरून एकदा हात फिरवला, टेबल पुसल्यासारखा.

“नको, वन्सं. घरात आपण दोघीच आहोत.”